सर्पगंधा आणि साइड इफेक्ट : तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की सर्पगंधा बीपीवर चालते हे आपल्याकडे हजारो वर्षं माहीत होतं, स्विस कंपनीने ते नुसतं उचललं आणि मी त्यांचीच स्तुती केली. शिवाय मुळीला साइड इफेक्ट नसतात, त्रास देतं ते तिच्यातून काढलेलं रेसरपिन.

मुळी जुनी आहे याबद्दल वादच नाही. वेड, झोप न येणं, सर्पदंश यावर ती देत आलेत. पण दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र रिव्हा-रोच्ची या इटालियन डॉक्टरने १८९६ साली आणलं, त्याआधी बीपी उतरलं हे कळणार कसं? ते लिहून ठेवलं कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी, १९३१ मध्ये, आणि सेन स्वतः नावाजलेले कविराज, म्हणजे बंगालकडचे आयुर्वेदाचे वैद्य, होते. त्याच वर्षी दिल्लीत रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दिकींनी मुळीतून अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली औषधी गुणाची रसायनं, वेगळी केली. मग मुंबईचे डॉ. रुस्तम वकील, त्यांनी ५० पेशंटना मुळीच्याच गोळ्या देऊन बीपीच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या, तेव्हा कुठे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. सीबाचं, म्हणजे तुम्ही म्हणता त्या स्विस कंपनीचं, रेसरपिन आलं १९५२ मध्ये. मग मी परक्यांची स्तुती केली कुठे? मला तर सेन-बोस यांचं नाव आपल्याच लोकांना माहीत नाही याचं वाईट वाटतं.

आता साइड इफेक्ट. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी आधी नुसती मुळी वापरली होती, रेसरपिन नाही, आणि नाक चोंदणं, सुस्ती त्यांच्या पेशंटमध्येही दिसलीच. कारण काम करणारा रेणू तोच. तो मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअॅड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आवळायचा संदेश देणारं रसायन) साठू देत नाही, साठा संपतो, रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. पण मेंदूतही तेच होतं म्हणून झोप येते, डोस वाढला की काहींना नैराश्य येतं. मुळीत भर एवढीच की रेसरपिनचं प्रमाण प्रत्येक मुळीत सारखं नसतं, मग चमचाभर चूर्णात किती गेलं हे ना वैद्याला कळतं ना पेशंटला.

वडिलांच्या गोळ्या बंद करून चूर्ण सुरू केलंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय, त्याचीच मला जास्त काळजी वाटते. प्लीज आजच त्यांच्या डॉक्टरांना सांगा, आणि ते गप्प गप्प राहायला लागलेत का, उदास दिसतात का, तेही बघा.