बॅगेचं प्रस्थान

अमेरिकेचा नियम असा, की आय-ट्वेंटीवर, म्हणजे तिकडच्या विद्यापीठानं दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, अभ्यासक्रम सुरू होण्याची जी तारीख छापलेली असते, तिच्या 30 दिवस आधीपर्यंतच विद्यार्थ्याला देशात शिरता येतं. त्याहून आधी नाही. आमच्या गुरुजींचं म्हणणं असं, की नेमक्या त्या 30 दिवसांत माझ्या राशीला प्रवासासाठी एक दिवस धड नाही. होता तो त्याच्या बराच आधी. बाबा म्हणाले, "गुरुजी, तारीख अमेरिकेनं दिलीय." गुरुजी म्हणाले, "आणि ग्रह?"

आजीनं तोडगा काढला. प्रस्थान ठेवायचं. मुहूर्तावर सामानातलं काहीतरी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं, की पंचांगाच्या लेखी तुम्ही निघालात. मग प्रत्यक्षात सवडीनं निघा. अमेरिकेच्या वकिलांनासुद्धा अशी पळवाट सुचली नसती. तर मुहूर्तावर माझी अर्धी भरलेली बॅग गावभागातला रस्ता ओलांडून समोरच्या काकूंच्या देवघरात गेली. काकूंनी तिला हळदकुंकू लावलं, हातावर दही मात्र मला दिलं. मग मी घरी परत येऊन जेवले आणि आईनं भांडी घासायला लावली.

इकडे बाबांची फाइल फुगत होती. आय-ट्वेंटी, सेव्हिसच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीच्या, 350 डॉलरची पावती, बँकेचं कर्जाचं पत्र, दहावीपासूनच्या मार्कलिस्टा, आणि सर्वांत खाली मिरज तालुक्यातल्या शेताचा सातबारा. "तो कशाला?" तर म्हणे, "विचारलंच तर?" फाइल हातातल्या बॅगेत ठेवायची, सामानात टाकायची नाही, हे मला मुंबईच्या गाडीत बसेपर्यंत घरातल्या प्रत्येकानं स्वतंत्रपणे बजावलं.

विमानतळावर चेक-इनच्या मुलीनं विचारलं, "बॅग तुम्हीच भरलीय ना? भरल्यावर कुणाच्या ताब्यात दिली होती?" आता हिला प्रस्थान समजावायचं म्हणजे मागची सगळी रांग चुकलेल्या विमानासाठी माझ्या नावानं शंख करणार. "घरातच होती," म्हणाले. समोरच्या काकू काही परक्या नव्हेत.

तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग दोऱ्या बांधून इतकी वळवलेली, की त्याच त्या पंजाबी आजोबांशी माझी दर वळणावर नव्यानं नजरानजर व्हायची. खिडकीवरच्या साहेबांनी बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, काय शिकणार आणि पैसे कोण भरणार एवढंच विचारलं. पासपोर्ट आणि आय-ट्वेंटी पाहिली, शिक्का मारला आणि परतीच्या तारखेच्या जागी 'डी/एस' असं खरडलं. म्हणजे शिक्षण रीतसर चालू आहे तोवर राहा. संपलं. मी फाइल अर्धी उघडून उभी, आणि साहेब पुढच्याला बोलावतायत. सातबाऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

खरी परीक्षा बॅगा घेतल्यावर. तिथं हिरवं जॅकेट घातलेला एक बीगल कुत्रा फिरत होता. ही कुत्री भुंकत नाहीत, वास लागला की सामानाशेजारी शिस्तीत बसतात. हा माझ्या बॅगेशी बसला. कांदा-लसूण मसाल्यापुढं त्याचा तरी काय इलाज? खाण्याचं सामान आहे, हे मी विचारताक्षणीच कबूल केलं होतं, त्यामुळं दंडाची भीती नव्हती. मेतकूट, मसाला, शेंगदाण्याची चटणी टेबलावर मांडली गेली. हातमोजेवाल्या बाईंनी प्रत्येक पुडी हुंगली, एकदा शिंकल्या, आणि सगळं पास केलं.

मग बॅगेच्या आतल्या कप्प्यातून निघाली कॅलेंडरच्या कागदाची पुडी. लाल नाड्यानं बांधलेली. मी आयुष्यात न पाहिलेली. बाईंनी नाडा सोडला. आत एक हळकुंड आणि चिमूटभर अक्षता. कुंकू वाळून विटकरी झालेलं, दोन-चार दाणे एकमेकांना चिकटलेले. प्रस्थानाचा ऐवज! काकूंनी विधी पुरा केला होता.

"तांदूळ?" बाईंनी विचारलं.

हो म्हणावंच लागलं. खपरा भुंगा नावाची धान्याची कीड आपल्याकडे आहे, म्हणून 2011 पासून प्रवाशांना भारतातून तिकडे तांदूळ नेता येत नाही. पोतंभर असो की चिमूटभर, सारखंच. बाईंनी अक्षता चिमटीत धरून उजेडात पाहिल्या, त्यांत भुंगा नव्हता, तरी डब्यात टाकल्या. हळकुंड परत दिलं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण मागं पंजाबी आजोबा लोणच्याची बरणी घेऊन उभे होते.

बाहेर पडून घरी फोन लावला. बाबांचा पहिला प्रश्न, "सातबारा मागितला का?" नाही म्हटल्यावर गप्प झाले. मग फोन आजीकडे गेला. तिला अक्षतांचं सगळं सांगितलं.

"काढून घेतल्या? मग पावती दिली का गं बाईनं?"

"नाही गं. माझ्यासमोर डब्यात टाकल्या."

"डबा कसला होता? आमच्याही देव्हाऱ्यात अक्षता डब्यातच असतात."