प्रूफावर पुस्तक लिहू नका, राजेहो

दसरा जवळ आला की नागपुरात डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं लावणाऱ्यांच्या, टेबलाशी एकच वाक्य ऐकू येतं, "भाऊ, एवढा एक पॅरा टाकून द्या न." दीक्षाभूमीच्या स्टॉलवर पुस्तक यायलाच हवं, ही घाई समजण्यासारखी आहे. पण तेव्हाच प्रेसवर दिवाळी अंकांची गर्दी असते. शिवाय प्रूफ, म्हणजे तपासायची कच्ची प्रत, निघाल्यावर घातलेला तो 'एक पॅरा' पुस्तकाचं काय करतो हे लेखकाला कोणी सांगतच नाही. मग ऑपरेटर तुसडा वाटतो.

समजा डेमी आकाराचं 160 पानांचं पुस्तक आहे. एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली 16 पानं म्हणजे एक फर्मा, असे बरोबर दहा फर्मे. पान 43 वर तुम्ही सहा ओळी वाढवल्या. प्रकरणाच्या शेवटच्या पानावर जागा असेल तर त्या तिथेच जिरतात. नसेल तर पुढची सगळी पानं सरकतात, अनुक्रमणिका चुकते, शेवटची सूची नव्यानं करावी लागते आणि 161 वं पान अकराव्या फर्म्यात जातं. त्या एका पानासाठी निदान चार पानांचा तुकडा वेगळा छापायचा. अशी भर घालत पानं बरीच वाढली की कणाही, म्हणजे बांधणीची कड, जाड होतो, मुखपृष्ठाची फाइल पुन्हा उघडावी लागते. ते राहून गेलं तर कण्यावरचं नाव बाजूला सरकलेलं दिसतं आणि शिव्या डिझायनरला बसतात.

म्हणून लिहिणं संपल्यावरच संहिता द्या. पहिल्या प्रूफात वाक्य बदलायचंच असेल तर साधारण तेवढ्याच लांबीचं घाला, म्हणजे ओळ सरकत नाही. खूण ओळीत करा आणि दुरुस्ती समासात लिहा. ऑपरेटर समास बघत खाली येतो, त्यामुळे नुसती ओळीत केलेली बारीक वेलांटी हमखास सुटते. दुसऱ्या प्रूफात सांगितलेलं झालं का ते बघा आणि दुरुस्तीच्या खालच्या दोन-तीन ओळीही वाचा. नवी चूक बहुधा तिथेच होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकराला व्हॉइस नोट पाठवून दुरुस्त्या सांगू नयेत. "पान 43, खालून तिसरी ओळ" हे कोणत्या तारखेच्या प्रूफातलं? सगळ्या दुरुस्त्या एकदाच, एकाच प्रतीवर, तारीख घालून आणि एकाच माणसाकडे द्या. फोटोही व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते टाकू नका, ते दाबून लहान होतात. पाच इंच रुंद छापायचा फोटो 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 1500 पिक्सेल रुंद लागतो. ईमेलनं पाठवा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून.

जुन्या श्रीलिपीतली (युनिकोड नसलेल्या फाँटमधली) फाइल असेल तर तसं आधीच सांगा. युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' बिघडतात. असा मजकूर पानं लावण्याआधी एकदा मुळाशी ताडून घ्यावाच लागतो.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो बोलीत. कादंबरीतली माणसं वऱ्हाडीत बोलतात आणि मुद्रितशोधक (प्रूफं तपासणारा) साहित्य महामंडळाचे 1962 चे शुद्धलेखनाचे नियम धरून बसलेला असतो. तो 'मले'चं 'मला' करतो, 'हाय'चं 'आहे' करतो, लेखक भडकतो. पण लेखकानंच एका पानावर 'काहून' (म्हणजे का), दुसऱ्यावर 'काऊन' आणि तिसऱ्यावर 'काउन' लिहिलेलं असतं! बिचाऱ्या मुद्रितशोधकानं काय समजायचं? संहितेसोबत एक पान जोडा: बोलीतले शब्द, तुम्हाला हवं ते रूप, आणि बोली फक्त संवादात की निवेदनातही. निवेदक वऱ्हाडी आणि पोलीस पाटील झाडीबोलीत (पूर्व विदर्भातली बोली) बोलत असेल तर तेही लिहा. एवढ्या एका कागदानं अर्धी भांडणं वाचतात. झाडीबोली लिहिणाऱ्यांनी तर हे करावंच, कारण ती वाचायची सवय फार कमी मुद्रितशोधकांना असते.

प्रस्तावना उशिरा येणार हे गृहीतच धरा. सुरुवातीच्या पानांना 'पाच, सहा' असे अक्षरी आकडे वेगळे दिले की मुख्य मजकूर तिच्यासाठी अडत नाही. पण तिला किती पानं ठेवायची ते आधी ठरवा आणि लिहिणाऱ्यालाही कळवा. मान्यवरांना पानांची मर्यादा सांगायला आपण उगाच संकोचतो.

दुसऱ्याची कविता किंवा गाणं घेतलं असेल तर परवानगी लेखकानंच आणावी. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, खाली नाव दिल्यानं परवानगी मिळत नाही. स्वतःचा करारही लेखीच करा. प्रताधिकार कायद्याप्रमाणे हक्क सोपवल्याची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ई-बुक आणि ऑडिओचा उल्लेख आहे का ते सहीच्या आधी बघा, प्रकाशनाच्या दिवशी हॉलमध्ये हा विषय काढू नका.

आणि हॉलची तारीख बांधणी होऊन प्रती हातात आल्यावर ठरवा, 'फाइल प्रेसला गेली' एवढ्यावर नको.

पुस्तक आल्यावर चुका सापडतीलच. त्या फेसबुकवर टाकून टीमला टॅग करण्यापेक्षा एका प्रतीत पेन्सिलीनं खुणा करत जा. पुनर्मुद्रणाच्या वेळी प्रकाशक तीच प्रत मागतो.