‘पंक्चरप्रूफ’ टायरबद्दल खुलासा

‘केव्हलार पट्ट्याचा टायर टाका, पंक्चरही नाही आणि हवा बघायचीही गरज नाही,’ असा मेसेज पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं अर्धंच खरं आहे.

केव्हलार म्हणजे अतिशय मजबूत कृत्रिम धागा. त्याचा हा पट्टा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली असतो. काच, बारीक तार, नदीपात्राच्या रस्त्यावरचे बाभळीचे काटे तो बऱ्यापैकी अडवतो. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस या टायरमध्ये तर ५ मिलिमीटर जाडीचा लवचीक रबरी थर असतो. (टायर जड होतो, चढावर पाय सांगतात!) पण बहुतेक टायरांच्या कडा तेवढ्या पक्क्या नसतात.

हवेबाबतचा सल्ला मात्र सरळ चुकीचा. हवा कमी असली की खड्ड्यात किंवा गतिरोधकावर ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. तिथे पट्टा काय करणार? ट्यूबमधून हवा हळूहळू जातच राहते. आठवड्याला एकदा पंप लावाच. दाबाची मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते.

तिथेच मापही असतं, उदाहरणार्थ ३७-६२२ (रुंदी ३७ मिलिमीटर, रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास ६२२ मिलिमीटर). दुकानात नुसतं ‘अठ्ठावीस इंची द्या’ म्हणू नका, त्या नावाखाली वेगवेगळ्या रिमांचे टायर मिळतात.