डिझाईनच्या कोर्सची सुरुवात बदलापासून का? (एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर)

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. उत्तर लांबलंय, कारण तुम्ही काढलेले मुद्दे दोन ओळीत मिटणारे नाहीत. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना सॉफ्टवेअर डिझाईनचा कोर्स मी कसा सुरू करून देते ते मागच्या लेखात लिहिलं होतं, की पहिला महिनाभर यूएमएल (प्रोग्रॅमची रचना आकृत्यांनी दाखवायची पद्धत) नाही, पॅटर्न (रचनेच्या नेहमीच्या अडचणींवरची ठरलेली उत्तरं) नाहीत, फक्त एक चालता प्रोग्रॅम हातात द्यायचा आणि त्यात एकामागून एक बदल मागायचे. त्यावर सरांचं म्हणणं असं की मॅडम तुम्ही पोरांचा महिना वाया घालवताय, इंटरव्ह्यूला सिंगलटन आणि फॅक्टरी हे पॅटर्न विचारतात, परीक्षेच्या पेपरला यूएमएलची क्लास डायग्राम येते, डिझाईन हा दहा वर्षं काम केलेल्यांचा विषय आहे, आणि आता तर कोड एआयच लिहितंय, तेव्हा कोल्हापूरच्या पोरांना आधी नोकरीला लावा.

नोकरीची काळजी मलाही आहे सर. माझ्या वर्गात राधानगरी, गडहिंग्लज, कागलकडनं एसटीने येणारी पोरं आहेत, घरच्यांनी कर्ज काढून फी भरलीये, त्यांना काम मिळालं नाही तर माझ्या शिकवण्याला काही अर्थच राहत नाही. पण हा क्रम मी लावलाय तो त्याच काळजीपोटी, आणि तो का लावलाय हे सांगायचं तर आधी त्या महिन्यात वर्गात नेमकं काय होतं ते सांगायला पाहिजे, कारण मागच्या लेखात ते मी उरकतं घेतलं होतं.

प्रोग्रॅम आहे गावच्या दूध संस्थेचा. आपल्याकडच्या निम्म्या वर्गाला हे काम घरचं माहीत असतं. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर मोजायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघायचं, दरपत्रकातनं दर काढायचा, पावती द्यायची, दहा दिवसाला बिल, आणि दिवाळीला फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर मिळणारी वरची रक्कम. प्रोग्रॅम तीनेकशे ओळींचा, बरोबर चालणारा, एकही बग नाही, हे मी मुद्दाम सांगते आणि पोरं चालवून खात्री करून घेतात. मग पहिला बदल मागते: गाईचं आणि म्हशीचं दरपत्रक वेगळं करा. करतात, सोपं वाटतं. दुसरा बदल: बिलातनं पशुखाद्याची कपात झाली पाहिजे. तेही जमतं. तिसरा बदल आला की वर्ग शांत होतो. संस्थेकडून दूध घेणाऱ्या दूध संघाने दर वाढवलाय, पण बिलाच्या मधल्याच एका तारखेच्या संध्याकाळपासून, म्हणजे त्याच बिलात अर्धं दूध जुन्या दराने आणि अर्धं नव्या, शिवाय मागच्या महिन्याचं बिल कुणी परत मागितलं तर ते जुन्याच दराने छापून आलं पाहिजे.

आता त्या प्रोग्रॅममध्ये दर काढायचं गणित चार ठिकाणी आहे. पावतीत आहे, संकलनाच्या रजिस्टरात आहे, बिलात आहे आणि दिवाळीच्या फरकात आहे. कुणीतरी घाईत लिहिताना होतं तसंच, कॉपी-पेस्ट. गेल्या बॅचला एका ग्रुपने तीन जागा बदलल्या आणि बिलाची जागा राहिली, त्यामुळे पावत्यांची बेरीज एक आणि बिलाची रक्कम दुसरी. प्रोग्रॅम कुठे अडकला नाही, एरर आला नाही, नुसते पैसे चुकले. घरी म्हशी असलेली एक पोरगी मागनं म्हणाली, मॅडम असलं बिल निघालं तर आमचे आजोबा संस्थेत जाऊन सेक्रेटरीची गचांडी धरतील. तिथून पुढचा तास मला फार बोलावं लागलं नाही, दर एकाच जागी का नाही, तो कुणी ठरवायचा, त्याला तारीख आणि सकाळ-संध्याकाळ का कळायला पाहिजे, बिलाला फॅट माहीत असायची गरज आहे का, हे सगळं पोरांनी आपापसात भांडून काढलं. एक जण म्हणाला दराचा वेगळा क्लास (म्हणजे कोडचा स्वतंत्र भाग) करू, त्याला दूध, तारीख, वेळ द्यायची, तो दर देईल, बाकी कुणी दरपत्रकाला हात लावायचा नाही.

सर, हेच तर डिझाईन. जे बदलणार आहे ते ओळखायचं आणि एका जागी झाकून ठेवायचं. हे माझं डोकं नाही. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली पाचसहा पानांचा एक पेपर लिहिला, प्रोग्रॅमचे भाग कुठल्या कसोटीवर पाडावेत याबद्दल. त्यात त्यांनी एक छोटंसं उदाहरण घेतलंय: काही ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीचा पहिला शब्द उचलून शेवटी टाकत जायचा, अशा सगळ्या फिरवलेल्या ओळी तयार झाल्या की त्या अकारविल्हे लावून छापायच्या. हे काम त्यांनी दोन पद्धतींनी विभागून दाखवलं. पहिल्या पद्धतीत कामाच्या पायऱ्यांप्रमाणे भाग, म्हणजे वाचणारा, फिरवणारा, क्रम लावणारा, छापणारा, आपण कुणीही पहिल्यांदा करू तसंच. दुसऱ्यात एकेक निर्णय एकेका भागात लपवलेला, जसं की ओळी मेमरीत कशा साठवल्यात हे फक्त एकाच भागाला माहीत. दोन्ही चालतात, आउटपुट तेच. फरक कधी दिसतो, तर साठवायची पद्धत बदलायची म्हटली तेव्हा, पहिल्या रचनेत जवळपास सगळेच भाग उघडावे लागतात आणि दुसऱ्यात एक. हा पेपर मी वर्गात पोरांबरोबर बसून वाचते, वाक्य इंग्रजीत आणि चर्चा मराठीत, कारण मराठी मीडियममधनं आलेल्या पोराला तो एकट्याने वाच म्हटलं तर तो पहिल्या पानालाच सोडून देतो. दूध संस्थेचा तिसरा बदल ज्याने केलाय त्याला मात्र तो कळतो. आधी पेपर आणि मग प्रोग्रॅम असंही करून बघितलंय, तेव्हा व्याख्या पाठ झाली आणि डोक्यात काही उतरलं नाही.

आता पॅटर्न. मी ते शिकवतच नाही असा तुमचा समज झालाय, तसं नाही. १९९४ च्या 'डिझाईन पॅटर्न्स' या चार लेखकांच्या पुस्तकात २३ पॅटर्न आहेत आणि प्रत्येकाबरोबर तो कधी वापरायचा आणि वापरला की काय किंमत मोजावी लागते हेही लिहिलंय. कोचिंग क्लासच्या नोट्समध्ये येईपर्यंत नेमका तोच भाग गळालेला असतो आणि उरते ती आकृती आणि नाव. मग पोरगं सिंगलटन (एखाद्या गोष्टीची अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकच प्रत ठेवणारा पॅटर्न) पाठ करतं आणि पुढे मिनी प्रोजेक्टमध्ये दिसेल तिथे सिंगलटन घालतं. माझ्याकडे दुसऱ्या महिन्यात स्ट्रॅटेजी (एकाच कामाच्या वेगवेगळ्या पद्धती अदलाबदल करता येतील अशा ठेवणारा पॅटर्न) शिकवायला घेतला की कुणीतरी म्हणतंच, मॅडम हे तर आपलं गाय-म्हशीचं दरपत्रक. त्या पोराला इंटरव्ह्यूत स्ट्रॅटेजी विचारा, तो व्याख्येवर थांबणार नाही, दूध संस्थेचं उदाहरण देईल, आधी काय होतं आणि काय अडलं तेही सांगेल. इंटरव्ह्यू घेणाऱ्याच्या खुर्चीत तुम्ही बसता असं तुम्हीच लिहिलंय, तर तुम्हाला यातला कुठला उमेदवार घ्यावासा वाटेल?

यूएमएल आणि परीक्षेच्या पेपरचं लगेच सांगते. सिलॅबस पूर्ण होतो, क्लास डायग्राम, सिक्वेन्स डायग्राम सगळं होतं, फाईल सबमिट होते. फक्त दूध मोजायचं मशीन थेट कॉम्प्युटरला जोडायचं म्हटल्यावर कोण आधी बोलणार आणि रीडिंग आलंच नाही तर कोण थांबणार हा घोळ झाला की मग सिक्वेन्स डायग्राम (कोण कुणाशी कुठल्या क्रमाने बोलतं त्याची आकृती) काढते. तोवर ती काढायचं कारणच पोरांसमोर नसतं.

"दहा वर्षांच्या अनुभवाशिवाय डिझाईन नाही" हे मात्र मला मान्य नाही, आणि इथे मी जरा जोर देऊन बोलणार आहे. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत गेलं. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवायला गेली आणि बसली नाही. तो कोड आधीच्या एरियान ४ चा होता, तिथे तो व्यवस्थित चालत होता, कारण त्या रॉकेटचा आडवा वेग तेवढा वाढतच नव्हता. नव्या रॉकेटचा वाढला. जोडीला राखीव कॉम्प्युटर होता पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तोही बंद पडला. ही माणसं नवशिकी होती का? अजिबात नाही. कोडमध्ये एक गृहीत धरलेली गोष्ट होती, ती पुढच्या वापरणाऱ्यांच्या नजरेसमोर आली नाही. ते गृहीत कागदावर आणायची सवय विसाव्या वर्षी लावता येते. माझी पोरं प्रत्येक सबमिशनच्या पहिल्या पानावर लिहितात, आम्ही काय काय धरून चाललोय. "दर बिलाच्या मधे बदलत नाही", "एका सभासदाचा एकच कोड", "फॅट मशीनने दिलेलं खरं". मार्क त्यालाही आहेत.

आणि नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी काय मिळतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुण्याजवळ हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत गेलेली माझी पोरं सांगतात, आधीच कुणीतरी लिहिलेला कोड, लिहिणारा कधीच सोडून गेलेला, आणि समोर तिकीट, म्हणजे दुरुस्तीची नाहीतर बदलाची मागणी. कोऱ्या फाईलपासून सुरुवात करायला फ्रेशरला कोण देतंय. म्हणून दुसऱ्याचा कोड वाचायचा, त्यात कमीत कमी जागी हात घालायचा आणि बाकीचं मोडू द्यायचं नाही, हा सराव मी पहिल्या महिन्यात घेते.

शिवाय सगळी पोरं पुण्याला जात नाहीत. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना, गुळाच्या अडत्यांना, लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यांना सॉफ्टवेअर करून देणारी पोरं इथंच आहेत, एकटा माणूस, आणि तोच ते वर्षानुवर्षं सांभाळणार. त्यांना जीएसटीने काय शिकवलं बघा. १ जुलै २०१७ ला जिथे बिलावर व्हॅटचा एक कॉलम होता तिथे सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) असे दोन आले, आणि माल निपाणीला जाणार असेल तर कर्नाटकात जातोय म्हणून आयजीएसटी. नुसता रेट बदलला नाही, हिशोबाचा आकारच बदलला. मग २२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ आणि १८ मध्ये गेल्या, हा बदल नुसता आकड्यांचा. ज्याने रेट तारखेसकट टेबलमध्ये ठेवला होता त्याला दुसऱ्या वेळी कोडला हातही लावावा लागत नाही, जुनं बिल जुन्या रेटनेच निघतं. ज्याने कोडमध्ये जागोजागी गुणिले ०.१२ लिहिलंय त्याने काय करायचं? पहिल्या वेळी मात्र दोघांनाही काम होतंच, असा बदल आधीच ओळखून ठेवणं अवघडच होतं. हा फरक मी वर्गात बराच वेळ घोळवते, कारण एकदा बदलाची गोडी लागली की पोरं प्रत्येक गोष्टीला इंटरफेस (पुढे भाग बदलता यावा म्हणून मधे ठेवलेली जोडणी) लावत सुटतात, उद्या उंटाचं दूध आलं तर म्हणून. कुणी मागितला नाही आणि मागण्याचं चिन्हही नाही अशा बदलासाठी लिहिलेल्या क्लासचे मी मार्क कापते. तुम्ही प्रतिक्रियेत ओव्हर-इंजिनिअरिंगची, म्हणजे गरज नसताना रचना वाढवत बसण्याची, भीती घातलीत ती रास्त आहे, माझा अर्धा वेळ तिलाच आवरण्यात जातो.

राहिलं एआय. माझ्या वर्गात त्यावर बंदी नाही. तिसरा बदल एका ग्रुपने एआयकडूनच करून घेतला, त्याने चारही जागा शोधल्या आणि चारही नीट बदलल्या, पोरं खूश. मी चौथा बदल मागितला, गणपतीत ठराविक दिवस लिटरमागे जादा रुपया, त्यानेही चारही जागी भराभर लिहून दिलं. आता ते गणित चार ठिकाणी आहेच, वर दुप्पट मोठं झालंय. ते एका जागी आणा असं कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं आणि तसं म्हणायला ते आधी दिसायला पाहिजे. त्यानंतर त्यांनी नीट सांगितलं, तेव्हा त्याच एआयने दराचा भाग वेगळा काढून दिला, चांगला दिला. फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं की सॉफ्टवेअरमधलं अवघड काम रचना ठरवण्याचं आहे, ती कोडमध्ये उतरवण्याचं त्यामानाने कमी. उतरवायचं काम आता आणखी स्वस्त झालंय, तर पोरांनी महिना कशावर घालवावा? ओरलला मी एवढंच विचारते, हा क्लास इथे का आणि तिथे का नाही. कोड कुणी लिहिलाय ते विचारत नाही.

एक मागणं आहे सर. दूध संस्थेचे बदल मी आपल्या भागातनं गोळा केलेत, पण तुमच्यासारख्या पंधरा वर्षं प्रोजेक्टवर काढलेल्या माणसाकडे असे बदल असतील की ज्यांनी अख्ख्या टीमला रात्र रात्र बसवलं. कंपनीचं, क्लायंटचं नाव काही नको, फक्त काय मागितलं होतं आणि किती जागी हात घालावा लागला एवढं दोन-तीन ओळीत खाली लिहा. बाकी वाचकांनीही लिहा. जूनमध्ये नवी बॅच येतेय, त्यातले निवडून त्यांच्या प्रॅक्टिकलला लावते, आणि त्यांनी काय केलं ते इथे टाकेन म्हणजे तुम्हालाच तपासता येईल.