मुलाखतीला बोलावलंत ना, मग कारणही सांगा

चार राउंड मुलाखत घ्यायची आणि शेवटी एका ओळीचं रिग्रेट मेल पाठवायचं, किंवा तेही पाठवायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही. बरेच दिवस मनात होतं म्हणून आज लिहितेय. नुसता अर्ज केला आणि नाही म्हणाले तर समजू शकते, एकेका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात, प्रत्येकाला कारण कळवणं कुणालाच जमणार नाही. पण ज्या माणसाने तुमच्यासाठी सुट्टी टाकली, तुम्ही दिलेली असाइनमेंट रात्री जागून पूर्ण केली, त्याला ‘इतर उमेदवार अधिक योग्य वाटले’ एवढंच? कशात अधिक योग्य, एवढं तरी सांगा ना.

माझी भाची सध्या यातूनच जातेय. डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी शोधतेय, शेवटच्या राउंडपर्यंत पोचते आणि मग नकार. परवा मला म्हणाली, ‘मावशी, मला काही येतच नाही बहुतेक.’ तिला आलेलं मेल मी वाचलं तर सुरुवातीला तिचं नावसुद्धा नव्हतं, टेम्प्लेटमधलं ‘डिअर कँडिडेट नेम’ कंसासकट तसंच राहिलेलं. मला खरंच राग आला. नकार पचवता येतो हो, पण कारण कळलं नाही की माणूस आपली आपणच कारणं शोधत बसतो आणि ती सगळी स्वतःच्याच विरोधात असतात, माझं इंग्लिश वाईट, माझं वय जास्त, माझ्या कॉलेजला कोण विचारतं, वगैरे वगैरे.

मी स्वतः बरीच वर्षं मुलाखतीच्या पॅनलवर बसतेय, त्यामुळे आत काय चालतं ते माहितीये. कितीतरी नकारांचा उमेदवाराशी काही संबंधच नसतो. बजेट अडकतं, जागाच होल्डवर जाते, आतल्याच कुणाला तरी ती द्यायचं ठरतं, दुसऱ्या कुणाचा नोटीस पिरियड कमी असतो. आणि जेव्हा कारण उमेदवाराशी संबंधित असतं तेव्हा ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतंच, कारण प्रत्येक राउंडनंतर पॅनलला स्कोअरकार्ड भरावं लागतं, टेक्निकल किती, कम्युनिकेशन किती, खाली रिमार्क. म्हणजे फीडबॅक तयार आहे, फक्त ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत जात नाही!

एचआरवाले म्हणतात लेखी कारण दिलं तर उद्या कुणी कोर्टात जाईल. भीती अगदीच खोटी नाही, जर्मनीत २००६ च्या समान वागणूक कायद्याप्रमाणे भेदभाव झाला असं वाटलं तर नकार मिळाल्यापासून साधारण दोन महिन्यांत दावा सांगता येतो, म्हणून तिथली नकाराची पत्रं अगदी जपून लिहिलेली असतात. पण गप्प बसल्याने भेदभाव थांबतो का? २००४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, बोस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट सीव्ही पाठवले होते, सीव्ही सारख्याच दर्जाचे आणि नावं आलटून पालटून, तर कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना मुलाखतीचे कॉल सुमारे ५० टक्के जास्त आले. ज्यांना कॉल आले नाहीत त्यांना स्वतःहून हे कधी कळलं असतं का?

काही ठिकाणी कायदा पुढे गेलाय. युरोपियन युनियनमध्ये जीडीपीआरच्या, म्हणजे तिथल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याच्या, कलम १५ खाली आपल्याबद्दल ठेवलेली माहिती मागता येते, आणि २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने परीक्षकाने उत्तरपत्रिकेवर लिहिलेले शेरे हीसुद्धा परीक्षार्थीची वैयक्तिक माहिती आहे असं म्हटलं, म्हणून मुलाखतीच्या नोट्ससुद्धा मागितल्या जातात. कॅनडातल्या ओंटारिओत १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली तर ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते कळवायचंय. कारण नाही, नुसता निर्णय, पण निदान माणूस लटकत तरी राहत नाही.

जिथे असं काही नाही तिथे आपणच मागायचं, आणि कसं मागतो यावर खूप अवलंबून असतं. ‘मला का नाही घेतलं’ असं विचारलं की समोरचा लगेच सावध होतो. त्यापेक्षा एक दोन दिवसांत, नो-रिप्लायवर नाही तर ज्या रिक्रूटरशी बोलणं झालं होतं त्यांनाच, दोन ओळी आभाराच्या आणि एकच नेमका प्रश्न, ‘केस स्टडीच्या राउंडमध्ये मी कुठली एक गोष्ट वेगळी करायला हवी होती?’ शक्य असेल तर फोनवर, कारण जे मेलवर लिहायला घाबरतात ते बोलताना सांगून टाकतात. उत्तर आलं की वाद घालू नका, पटलं नाही तरी. आणि एकाच्या शेऱ्यावरून स्वतःला बदलायला जाऊ नका, एक म्हणतो अनुभव कमी, दुसरा म्हणतो ओव्हरक्वालिफाइड! दोन-तीन वेगळ्या ठिकाणांहून तेच ऐकू आलं तर मात्र मनावर घ्या. कुणीच उत्तर दिलं नाही तरी आपण कुठे अडतोय ते बघा, कॉलच येत नसेल तर सीव्ही किंवा फॉर्ममधले अनुभव, नोटीस पिरियडवाले प्रश्न तपासा, तिथे बऱ्याचदा अर्ज चाळणारं सॉफ्टवेअरच परस्पर गाळून टाकतं.

भाचीने असंच विचारलं, बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही, एका मॅनेजरने दिलं. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) उत्तम होतं, आकडे बरोबर काढलेस, पण त्यावरून कंपनीने काय करावं ते शेवटपर्यंत सांगितलंच नाहीस. एवढंच. लिहायला दोन मिनिटं लागली असतील. आता ती प्रत्येक चार्टखाली एक ओळ लिहायची प्रॅक्टिस करतेय आणि ‘मला काही येत नाही’ हे बंद झालंय.

म्हणून जे मुलाखती घेतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, स्कोअरकार्डवरचा रिमार्क उद्या उमेदवारासमोर वाचून दाखवता येईल असाच लिहा. ‘कल्चर फिट नाही’ हा शेरा बंद करा, त्यातून कुणालाच काही कळत नाही आणि त्याखाली काहीही लपवता येतं. आणि एचआर म्हणालं की फीडबॅक द्यायची पॉलिसी नाही, तर ती कुठे लिहिलीये ते दाखवा म्हणून विचारा.