हळहळ आटोपशीर ठेवण्याची रीत

सकाळी पेपर उघडल्यावर माणसं एक चूक हमखास करतात: मथळ्याच्या खाली वाचायला लागतात. खाली गेलात की दुसऱ्या ओळीत गावाचं नाव येतं, मग वय, मग मागे कोण कोण आहे. धाकटी बारावीला आहे एवढं कळलं की चहा निवलाच म्हणून समजा. तेव्हा डोळा थेट आकड्यावर न्यावा. आकडा जितका मोठा तितका निर्धोक.

याला शास्त्राधार आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांच्या हातात एकेक डॉलरच्या पाच नोटा ठेवल्या आणि आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी यातले वाटतील तेवढे द्या म्हटलं. मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल ज्यांनी वाचलं त्यांनी सरासरी २.३८ डॉलर काढून दिले. लाखो भुकेल्यांचे आकडे वाचणाऱ्यांनी १.१४. आणि रोकियाच्या शेजारी तेच आकडे मांडल्यावर तिच्या वाट्याला आले १.४३. म्हणजे एखादा चेहरा चुकून डोळ्यांपुढे आलाच, तर लगेच शेजारी आकडेवारी ठेवा. उतारा पडतो.

आपल्याकडे आकड्यांची ददात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात महाराष्ट्रात शेतीवर जगणाऱ्या ४,२४८ जणांच्या आत्महत्यांची नोंद आहे. पुण्यामुंबईच्या वाचकाला हा आकडा उत्तम मानवतो. फक्त त्याला ३६५ने भागू नका. भागलं की रोजचे साडेअकरा येतात, आणि दुपारी पानावर बसताना ‘आजचे सहा झाले असतील’ असलं काहीतरी डोक्यात येतं. वार्षिक आकडा वार्षिकच राहू द्यावा. एरवी यवतमाळचं मरण यवतमाळच्या जिल्हा पानावर छापून येतं आणि तिथेच राहतं. कोथरूडच्या अंकात तेवढ्या जागेत गृहप्रकल्पाची जाहिरात असते. ही सोय आयती झालेली आहे, तिचा मान राखा.

नावं तर मुळीच लक्षात ठेवू नका. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुलं, १९ मार्च १९८६. एवढं डोक्यात राहिलं तरी पुढे त्रास होतो. काही मंडळी दर १९ मार्चला त्यांच्या आठवणीत दिवसभर अन्न घेत नाहीत. त्यांच्या मांडवासमोरून जायची वेळ आली तर फोन कानाला लावून चालावं.

तरीही मन खातच असेल, तर सरकारी चाळणी घरी वापरता येते. शेतकरी गेला की तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, आठ-अ आणि कर्जखात्याचा उतारा अशी फाइल तहसील कचेरीतून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते. शेत त्याच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर होतं का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का? वसुलीचा तगादा होता का? शेत बटईचं निघालं, किंवा पैसे बिनपरवाना सावकाराचे निघाले (आणि असला सावकार पावती कशाला देतोय), की प्रकरण ‘अपात्र’. पात्र ठरलं तर एक लाख: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. ही रक्कम २००६पासूनची. तेव्हाचा आणि आजचा सोन्याचा भाव ताडून बघायचा मोह होईल, आवरावा.

तुमच्या घरच्या समितीला इतके कागद लागत नाहीत. पीत होता का? पोरीच्या लग्नात उधळले होते का? हातात महागडा मोबाईल होता का? तिन्हींपैकी एकाचं उत्तर ‘हो’ आलं की अपात्र, आणि तुम्ही मोकळे. जिल्हाधिकाऱ्यांना निदान बैठक तरी बोलवावी लागते.

फोटो मात्र या चाळणीतून निसटतो. २ सप्टेंबर २०१५ला तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथा पडलेला, लाल शर्टातला, बुडून गेलेला सीरियन चिमुरडा आलान कुर्दी जगभर दिसला. स्वीडनच्या रेडक्रॉसने सीरियन निर्वासितांसाठी उघडलेल्या निधीत रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या त्या आठवड्यात शंभर पटींच्या वर गेली. घाबरू नका. साधारण सहा आठवड्यांत सगळं मूळपदावर आलं. युद्ध चालूच होतं. तेव्हा असा फोटो आला की तो पुढे पाठवावा, खाली हात जोडलेलं चिन्ह टाकावं आणि दीड महिना कळ काढावी. मध्येच कुणी सुदानचं काढलं तर ‘गाझाचं काय?’ म्हणावं, गाझाचं काढलं तर ‘सुदानवर का नाही बोललात?’ दोन्हीकडचं काही वाचलेलं असावं लागत नाही.

एकच बातमी पूर्ण वाचायची, कांद्याच्या भावाची. तो चढला की शेतकरी माजलाय असं खुशाल म्हणावं. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली आणि लासलगावात भाव कोसळला, तेव्हा आपल्या मंडईत स्वस्ताई आली एवढंच पाहावं. हे दोन भाव एकाच कांद्याचे, हा हिशेब मांडू नये.

आता एक शंका उरते. हे असं उघड सांगितल्यावर वाचक खजील होऊन हळवे तर नाही ना व्हायचे? स्लोविक मंडळींनी तेही तपासून ठेवलंय. काही जणांना त्यांनी आधीच समजावलं की माणसं एका चेहऱ्याला जास्त देतात आणि आकड्यांना कमी. ते ऐकून आकड्यांच्या वाट्याचे पैसे काही वाढले नाहीत, रोकियाचे तेवढे कमी झाले. तेव्हा हा लेख बिनधास्त पुढे पाठवा.