‘उंदीर बरे होतात, माणसं मरतात’: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रायॉन, म्हणजे घडी बिघडलेलं मेंदूतलं प्रथिन, त्याने होणाऱ्या जीवघेण्या आजारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “वर्षाला दहा लाखांत एकादोघांना होणारा आजार, औषध एकही नाही. उंदरांवर सगळंच गुण देतं. मग प्रायॉनच्या संशोधनाचं कौतुक सांगून घरच्यांना आशेला का लावता?”

त्या घरच्यांत मीही आहे. माझे मामा कसबा बावड्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी चाचपायचे आणि “उतरवा” म्हणायचे. त्याच बोटांना महिन्याभरात शर्टाची बटणं लागेनात. भांडं पडलं की सगळं अंग झटका खायचं. आधी ताण म्हणून गोळ्या मिळाल्या. सीजेडी (क्रॉइट्झफेल्ट-याकोब, प्रायॉनमुळे होणारा आजार) हे नाव कळलं तोवर त्यांची वाचा गेली होती. चार महिन्यांत सगळं आटोपलं.

जुन्या औषधांबद्दल तुमचं खरं आहे. क्विनाक्रिन पेशींवर चाललं, रुग्णांना वाचवू शकलं नाही. डॉक्सिसायक्लिनचंही तेच.

पण आताची वाट वेगळी आहे. काकवीच्या बरणीत साखरेचा एक खडा धरला की त्याला लागून दुसरा धरतो, मग तिसरा. वाकडी घडी पडलेलं प्रायॉन प्रथिनही शेजारच्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखंच वाकवतं. आजवर खडे विरघळवायची धडपड होती. आता काकवीच कमी करायची, म्हणजे मेंदूत ते चांगलं प्रथिनच कमी बनू द्यायचं. १९९३ मध्ये दिसलं की ज्या उंदरांत या प्रथिनाचं जनुकच नाही, त्यांना हा रोग होत नाही. २००३ मध्ये लंडनच्या गटाने आधीच लागण झालेल्या उंदरांच्या चेतापेशींत ते बनणं थांबवलं, तर सुरुवातीची हानी भरून आली. हे काम माणसात करू पाहणारं औषध पाठीच्या कण्यातून टोचतात. त्याच जातीचं नुसिनर्सेन २०१६ पासून एसएमए (स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार) झालेल्या बाळांना देतात. प्रायॉनसाठीच्या औषधाच्या मानवी चाचण्याही सुरू झाल्यात. अमेरिकेतल्या सोनिया वल्लभ यांची आई प्रायॉनच्याच एका आनुवंशिक आजाराने गेली, तोच जनुकदोष त्यांच्यातही निघाला. त्या वकिली सोडून या संशोधनात उतरल्या.

आणि आजार विरळ असला तरी एकटा नाही. अल्झायमर, पार्किन्सनमध्येही प्रथिनं अशीच एकाला लागून एक बिघडत जातात.

तुमचा एक आक्षेप मात्र मला लागला. लेखात मी “उपचार दृष्टिपथात” असं लिहिलं होतं. वाचा गेलेल्या माणसाच्या मेल्या पेशी यातलं काहीच परत आणत नाही. मामांनाही याने वाचवलं नसतं. ते वाक्य काढून मी आता लिहिलंय: “लक्षणांआधी किंवा अगदी सुरुवातीला दिलं तर उपयोग होईल का, हे तपासणं चालू आहे.”